फळ्याखालचं नाव

या संकेतस्थळावर वरच्या बाजूला 'आमच्याविषयी' असं एक पान आहे. गेले चौदा महिने ते तसंच पडून होतं. साइट उभी केली त्या दिवशी वर्डप्रेसनं नमुना म्हणून घातलेली कुणा परदेशी माणसाची ओळख तिथं इंग्रजीत होती. हणमंतप्पांनी ती बघून विचारलं होतं, "ह्यो कोण? आपल्या डेपोचा तर दिसत न्हाय." मी हसून म्हटलं होतं, "अप्पा, ते काढून तिथं तुमच्याबद्दल मी लिहून देते." देते देते म्हणत राहिले. आज घरातली सगळी झोपल्यावर लिहायला बसले आहे. ज्या कारणानं बसावं लागलं ते पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं, पण तेवढा धीर मला नाही. म्हणून आधी त्यांच्याबद्दल लिहिते.

हणमंतप्पा मूळचे लोहारा तालुक्यातल्या माकणीचे. घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी अशी त्यांची सवय. नोकरी एसटीत. आधी वाहक, मग भूमच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. लहान चणीचा माणूस, कपाळाला आडवा भस्माचा पट्टा, शर्टच्या खिशात दोन खडू. खडू निवृत्तीनंतरही खिशात असतात.

स्टँडवर एक काळा फळा होता. त्यावर गाड्यांच्या वेळा लिहायच्या. दुसरे कुणी ड्यूटीवर असले की गाडीचं नाव आणि वेळ एवढंच लिहीत. हणमंतप्पा चार रकाने आखत. गाडी, वेळ, कुणी सांगितलं, कधी लिहिलं. "परंडा, ५.१५, कोंडीराम वाहक, ४.०५." म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनी कोंडीराम वाहकानं स्वतः फोन करून सांगितलं की गाडी वेळेवर आहे. कुणी सांगितलेलं नसेल तर वेळेच्या जागी रेघ. लोक चिडायचे.

"अहो, येती का न्हाय तेवढं सांगा की."

"मला ठाव न्हाय. ठाव झालं की सांगतो. तवर बसा."

"तुमी सायेब हाय का कोण हाय?"

"सायेब हाय म्हणूनच म्हणतो, ठाव न्हाय."

गाडी रद्द झाली तर ते खिडकीतून ओरडत नसत. बाहेर येऊन तीनदा सांगत. एकदा चहाच्या टपरीकडं तोंड करून, एकदा लिंबाखाली बसलेल्यांना, एकदा बायकांच्या बाकड्याकडं. सोनारीच्या यात्रेत जादा गाड्या सुटायच्या तेव्हाही हाच नेम. माझ्या सासूबाई, नागूबाई, माहेरी निघाल्या की पिशवी भरून ओट्यावर बसायच्या आणि विचारायच्या, "हणमंतप्पा म्हनला का गाडी हाय? मग चला." दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर त्या उठत नसत. आजही त्या नुसतं "अप्पा म्हनला" म्हणतात, आणि पुढं काही विचारायचं नसतं.

निवृत्त झाल्यावर लोक त्यांना फोन करू लागले. ते रोज स्टँडसमोरच्या टपरीवर बसत, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहकांना विचारत आणि फोनवर सांगत. सकाळपासून फोन. जेवताना फोन. त्यांच्या पत्नी रुद्रम्मा एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या, "ह्यांचं लगीन माझ्याशी झालंय का गाडीशी, ते तरी इचारा की बाई."

भूममध्ये माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. एक दिवस हणमंतप्पा क्लासच्या दारात चपला काढून उभे राहिले. "बाई, इंटरनेटवर फळा लावता येतो का?"

मी त्यांना वर्डप्रेसवर साइट काढून दिली. माउस धरायला त्यांना आठवडा लागला. थीम निवडायची म्हणून मी त्यांना रंगीत रंगीत दाखवत होते. त्यांनी शेवटी एक काळी निवडली, पांढऱ्या अक्षरांची. "हां. हे आपलं." साइटचं नाव 'गाडी लागली का?' कारण लोक फोनवर पहिलं हेच विचारत. पहिल्या पानावर एक तक्ता बसवला आणि त्यांनी त्याला तेच चार रकाने पाडायला लावले. मोबाइलवर टाइप करायला शिकवलं. ते एका बोटानं, ओठ हलवत टाइप करत आणि प्रत्येक ओळीनंतर चष्मा काढून माझ्याकडं बघत, "ग्येलं का?" म्हणून. गेलं म्हटल्यावर टपरीवरच्या एखाद्याला त्याच्या मोबाइलवर उघडायला लावत. त्यानं वाचून दाखवलं की मगच त्यांचं समाधान.

दोन महिन्यांत वालवड, ईट, पाथरूड, परंड्याकडची पोरं-पोरी साइट बघून घराबाहेर पडायला लागली. माझी दीपाली परंड्याजवळच्या कॉलेजात डी.फार्म.ला आहे. रोजचं जाणं-येणं एसटीनं. तिची गाडी कुठं आहे हे बघायला मी दिवसातून दहा वेळा तो फळा उघडायचे. पोरगी घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. असा माझा स्वभावच आहे.

आता माझं सांगते.

दिवाळीत माझा भाऊ कुमार पुण्याहून आला. तो कंपनीत साइट बनवण्याचंच काम करतो. मी मोठ्या हौसेनं त्याला दाखवली. त्यानं उघडली, थांबला, परत उघडली. "ताई, किती हळू उघडतेय. आणि हे काय, शाळेचा फळा का? रकाने बघ, मोबाइलवर मावत पण नाहीत. तुझ्या क्लासमध्ये पोरांना हेच शिकवतेस?"

तो थट्टेनं बोलला असेल. मला मात्र ते लागलं. बी.एस्सी. झालेली बाई मी, गावात सगळे मॅडम म्हणतात, आणि माझ्या हातची साइट बघून धाकटा भाऊ हसतो. तो गेल्यावर मी साइट सुधारायला घेतली. पांढरी, निळ्या पट्टीची नवी थीम टाकली. वर एसटीचं मोठं चित्र. तक्ता मोबाइलवर मावावा म्हणून शेवटचे दोन रकाने काढून टाकले. कुणी सांगितलं आणि कधी लिहिलं, हे दोन. मग व्हिडिओ बघून साइट वेगानं उघडण्यासाठी एक प्लगिन बसवलं. ते पानाची एक तयार प्रत साठवून ठेवतं आणि जो येईल त्याला तीच दाखवतं, म्हणून पान झटकन उघडतं. प्रत किती वेळ जपायची, असं त्यानं विचारलं. व्हिडिओतला माणूस म्हणाला, जितकी जास्त तितका वेग चांगला. मी चोवीस तास ठेवले.

आणि सगळ्यात खाली ओळ टाकली : "संकेतस्थळ निर्मिती : सौ. उज्ज्वला वैजनाथ शेंडगे, दीप कॉम्प्युटर क्लास, भूम."

हणमंतप्पांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. "बाई, कधी लिहिलं ते दिसंना."

"अप्पा, गर्दी होते हो त्यानं. आता कसं स्वच्छ दिसतंय बघा."

"सोच्छ हाय, व्हय." मग तक्त्याकडं बोट करून, "पण शिळं का ताजं, ते मानसाला कसं कळायचं?"

"नेटवर सगळं ताजंच असतं, अप्पा," मी म्हटलं. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे.

"तुमास्नी जास्त कळतंय," म्हणाले आणि चपला घालून गेले.

तेव्हा मला न उमगलेलं इथं सांगते. तो तक्ता पानावर वेगळा बसवलेला होता. पानात बदल केला की प्लगिन जुनी प्रत टाकून देतं, पण नुसता तक्ता बदलला तर त्याला ते कळत नाही. दुसरं असं, की जो लिहिणारा म्हणून लॉगिन करून आत शिरलेला आहे त्याला प्लगिन जुनी प्रत दाखवत नाही, त्याला नेहमी ताजंच दिसतं. अशी माणसं दोनच. हणमंतप्पा आणि मी. आणि आपण लिहिलेलं दुसऱ्याच्या मोबाइलवर वाचून घ्यायची त्यांची सवय? ती मीच मोडली होती. "अप्पा, आता खात्री करत बसू नका, टाकलं की जातंच." कित्येक महिने गाड्या वेळेवर धावल्या, शिळ्यात आणि ताज्यात फरक पडला नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सप्टेंबरात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी क्लासमध्ये बसून मी मोबाइलवर फळा उघडला. हणमंतप्पांनी लिहिलं होतं : "परंडा–भूम ५.१५ : ओढ्याच्या पुलावर पाणी. गाडी वरच्या रस्त्यानं जाईल. खडीफाट्याला येणार नाही." दीपालीच्या कॉलेजच्या पोरी खडीफाट्यावरूनच गाडी धरतात. मी लगेच तिला फोन केला. फाट्यावर जाऊ नको, काळीपिवळीनं उलटी परंड्याला आत्याकडं जा, मुक्काम कर.

"आई, शिवांजली आणि दोघी फाट्याकडं निघाल्यात. त्यांना सांगते."

"सांग, सांग. पण तू नीघ."

तिनं सांगितलं होतं. ते मला नंतर कळलं. शिवांजलीनं आपल्या मोबाइलवर साइट उघडून बघितली. तिथं ती सकाळची ओळ होती : "परंडा–भूम ५.१५ : वेळेवर." ती दीपालीला म्हणाली, "अप्पांच्या फळ्यावर गाडी हाय गं. तुझी आई काय स्टँडवर बसती का?"

अप्पांच्या फळ्यावर विश्वास ठेवून तिघी पोरी खडीफाट्यावर उभ्या राहिल्या. तिथं निवारा नाही, दिवा नाही. मोबाइल बंद पडले. शिवांजलीचे वडील बसवेश, ज्यांची आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे, मोटरसायकल घेऊन निघाले ते पुलावरच्या पाण्यापासून परत फिरले. रात्री नऊच्या पुढं एका दुधाच्या टेम्पोनं लांबून फेरा मारून तिघींना घरी आणलं. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. आत्याचा फोन आला होता, दीपाली जेवली म्हणून. मी निवांत झोपले.

सकाळी दीपालीच्या गाडीसाठी स्टँडवर गेले तर टपरीसमोर माणसं गोळा झालेली. मध्ये बसवेशभाऊ, समोर हणमंतप्पा.

"माझी पोरगी चार तास भिजत हुती, अप्पा. तीन तरण्या पोरी. तुमच्या भरवशावर."

"बसवेश, म्या लिहिलं हुतं. तीन चाळीसला लिहिलं. ह्ये बघ." हणमंतप्पांनी आपला मोबाइल पुढं केला.

बसवेशभाऊंनी खिशातून पोरीचा मोबाइल काढला. "आन् ह्ये काय हाय मग? वाचा. वेळेवर. सगळ्यांला दाखवा." मोबाइल हातोहात फिरला. तोपर्यंत चोवीस तास झाले नव्हते. जुनी प्रत तशीच होती. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "रातच्याला बदललं असंल. आता दाखवायला."

हणमंतप्पांनी त्या आवाजाकडं मान वळवली. सगळ्या नोकरीत त्यांना उद्धट म्हणालेलं मी ऐकलं होतं, हेकट म्हणालेलं ऐकलं होतं. खोटं लिहिणारा कुणी म्हटलं नव्हतं. ते दोन मोबाइल शेजारी शेजारी धरून एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले.

मला त्याच क्षणी कळलं. दोन मोबाइल, दोन फळे. एक आत शिरलेल्याचा, एक बाहेरच्याचा. मी तीन पावलांवर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "अहो भाऊ, पावसात नेटवर्कमुळं होतं असं कधीकधी."

ते खोटं होतं, आणि ते बोलताना मला ठाऊक होतं.

हणमंतप्पांनी हात जोडले. "चुकलं असंल माझं, बसवेश." तेवढ्यात गाडी आली. दीपाली उतरली, मी तिची बॅग घेतली आणि आम्ही घरी गेलो.

घरी जाऊन मी कॉम्प्युटर लावला. प्लगिन बंद केलं. आणि मग, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्यात खालची ती ओळ पुसली. माझं नाव, क्लासचं नाव. पुसून झाल्यावर पान दोनदा उघडून खात्री केली, गेलं का म्हणून.

त्याच दिवशी साइटवर हणमंतप्पांची ओळ आली : "फळा बंद. स्टँडवर चौकशी करावी." ते टपरीवर यायचेही बंद झाले. बसवेशभाऊंनी शिवांजलीला कॉलेजला पाठवणं थांबवलं. दीपाली गाडीत एकटी बसून जाऊ लागली.

नऊ दिवसांनी मी हणमंतप्पांच्या घरी गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. रुद्रम्मांनी चहा टाकला आणि आतूनच बोलू लागल्या, "बघा की बाई, ह्यांचं काय चाललंय. गॅस बंद केला का तीनदा बघत्यात. कडी लावली का, परत उठून बघत्यात."

हणमंतप्पा हसल्यासारखं करून म्हणाले, "वय झालं. लिहिलं असं वाटलं हुतं बाई. डोळ्यापुढं दिसतंय, म्या लिहितोय. पण पोरीच्या मोबाइलात न्हाई म्हंजे येळेवर लिहिलं नसंल, मागनं कवातरी लिहिलं असंल. मानसाचं डोकं असंच जात असंल हळूहळू. आमच्या बापाचं असंच ग्येलं."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी बशीत चहा ओतला, प्याले, रुद्रम्मांनी हातावर ठेवलेला पेढा खाल्ला आणि घरी आले. त्या माणसाला आपल्या डोक्याची शंका यायला लागली होती, आणि मी त्याच्या घरचा पेढा खाऊन आले.

काल संध्याकाळी दीपाली मोबाइलवर ती बंद साइट बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, खालचं तुझं नाव गेलं."

मी भाकरी थापत होते. "हो, थीम बदलली ना."

"थीम तीच आहे." तिनं मोबाइल खाली ठेवला. "तुला त्या दिवशी खरं दिसलं आणि शिवांजलीला खोटं दिसलं. असं कसं गं?"

सासूबाई तिथंच बसल्या होत्या. त्यांना थीमचं काही कळत नाही, पण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. तव्यावरची भाकरी करपली. दीपालीनं परत विचारलं नाही. तिनं ओरडून विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आज सकाळी क्लासला कुलूप घालून मी हणमंतप्पांच्या घरी गेले. चहा नको म्हटलं. लॅपटॉप उघडला आणि सांगितलं. प्लगिन, चोवीस तास, आतलं पान आणि बाहेरचं पान, काढलेले दोन रकाने, स्टँडवर बोललेलं खोटं, पुसलेलं नाव. क्रम लागला नाही, मागचं पुढं, पुढचं मागं झालं. तक्त्याच्या नोंदीत कोणती ओळ कधी बदलली ते दिसतं. ते त्यांच्यापुढं धरलं. गुरुवार, दुपारचे तीन चाळीस.

माझी चूक त्यांनी ऐकली की नाही, ठाऊक नाही. ते त्या आकड्यावर बोट ठेवून बसले होते.

"म्हंजी म्या लिहिलं हुतं?"

"लिहिलं होतं, अप्पा."

"तीन चाळीसला?"

"तीन चाळीसला."

ते उठले, आत गेले, आणि रुद्रम्मांना मोठ्यानं कानडीत काही सांगू लागले. मला कानडी येत नाही, पण "बरदिद्दे, बरदिद्दे" हा एकच शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, त्यावरून कळलं. लिहिलं होतं. रुद्रम्मा पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "अप्पा, मला माफ करा."

"माफीचं ऱ्हाऊ द्या बाई." आवाज स्टँडवरचा झाला होता. "मला सांगून काय उपेग? मी तर घरात बसलोय. तीनीकडं तोंड करून सांगायचं असतं. फळ्यावर लिवा. कुणी सांगितलं, कधी लिहिलं, सगळं लिवा. तुमी काढलेले रकाने बी परत घाला."

"घालते."

"आन् ते काळं पान."

"तेही घालते."

"मग बघतो," म्हणाले. फळा परत लिहीन असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

थीम परत काळी केली आहे. चार रकाने घातले आहेत. नमुन्यातल्या त्या परदेशी माणसाला काढून त्याच्या जागी हे लिहिलं आहे. उद्या सकाळी हेच घेऊन बसवेशभाऊंच्या गिरणीवर जाणार आहे. तिथं माझं कोण किती ऐकून घेईल, माहीत नाही. शिवांजलीला परत पाठवा म्हणायचा हक्क मला नाही, पण त्या दिवशी चुकलं कुणाचं, एवढं सांगायचा आहे.

हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. त्या गुरुवारी फळ्यावरची ओळ हणमंतप्पांनी वेळेवर आणि खरी लिहिली होती. ती तुमच्यापर्यंत पोचू दिली नाही ती मी.

कुणी सांगितलं : उज्ज्वला वैजनाथ शेंडगे, दीप कॉम्प्युटर क्लास, भूम.
कधी लिहिलं : रात्री १२.५०.